शेवटच्या शोनंतरचे चॅनेल गेट: एका मॉलमधील प्रकरण

पार्श्वभूमी

हा मॉल राज्यातल्या एका मोठ्या शहराच्या उपनगरात आहे. जागा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मॉलचे रोजचे कामकाज माझ्याकडे असते, आणि पुढे ज्या निर्णयाबद्दल लिहिले आहे त्या कागदावर सही माझीच आहे.

तळमजला आणि वर तीन मजले. तिसऱ्या मजल्यावर चार पडद्यांचे मल्टिप्लेक्स, त्याला लागून फूड कोर्ट. मधोमध मोकळा चौक आणि चौकात सरकते जिने. पहिल्या मजल्यावर चौकाच्या कडेने १४ किऑस्क: घड्याळे, मोबाइल कव्हर, इमिटेशनचे दागिने, खेळणी, मेंदी काढून देणाऱ्या एक ताई. दुकानाला शटर असते. किऑस्कला रात्री वरून कापडी आच्छादन आणि ड्रॉवरला खेळण्यातले वाटावे असे कुलूप.

दुकाने दहाला बंद होतात, फूड कोर्ट अकराला, आणि शेवटचा शो सुटायला पाऊण-एक वाजतो. म्हणजे रोज रात्री अडीच-तीन तास वरच्या मजल्यावर गर्दी आणि खाली अंधार. बांधकामाच्या वेळी याचा विचार झाला नव्हता असे नाही. मल्टिप्लेक्सला मागच्या बाजूने बाहेर पडायचे स्वतःचे दोन जिने आहेत. पण सिनेमा पाहून आलेला माणूस मागच्या जिन्याने जात नाही. तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत निघतो, बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून पायऱ्या मोजत.

अडचण

गणपती ते दिवाळी या दिवसांत किऑस्कवर तीन चोऱ्या झाल्या. पहिली किरकोळ, चार-सहा मोबाइल कव्हर. दुसऱ्या वेळी घड्याळे गेली. तिसऱ्या वेळी इमिटेशनवाल्या ताईंचा दिवाळीसाठी भरलेला माल आणि ड्रॉवरमधली रोकड. सीसीटीव्हीत दोन पोरे स्पष्ट दिसली: शेवटच्या शोची तिकिटे काढलेली, मध्यंतरातच बाहेर पडलेली, सरकत्या जिन्यावरून पहिल्या मजल्यावर उतरलेली. आच्छादन उचलून आत शिरली आणि तीन-चार मिनिटांत बाहेर. राउंडवरचा गार्ड तेव्हा दुसऱ्या टोकाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळे किऑस्कवाले माझ्या केबिनमध्ये. "साहेब, मेंटेनन्स आम्ही दुकानांइतकाच भरतो ना? मग आमच्या मालाला वाली कोण?" प्रश्न रास्त होता. चोरीची भरपाई नाही तर पुढच्या महिन्याचा मेंटेनन्स नाही, असे त्यांनी लिहून दिले. वरून मालकांच्या कार्यालयातून फोन: दिवाळीच्या आत काहीतरी दिसले पाहिजे.

"काहीतरी दिसले पाहिजे" हे शब्द मी तेव्हा नीट ऐकायला हवे होते.

समोर असलेले पर्याय

रात्रीचे गार्ड वाढवणे हा पहिला विचार. आमचे सुरक्षाप्रमुख निवृत्त सुभेदार, सगळे त्यांना सुभेदार साहेबच म्हणतात. त्यांनी हिशेब मांडला: प्रत्येक मजल्याला दोन माणसे वाढवायची तर एजन्सीचे बिल कितीने फुगेल, आणि त्यातली निम्मी माणसे दर दोन महिन्यांनी बदलणार. "माणूस झोपतो साहेब, लोखंड झोपत नाही," असे ते म्हणाले. वाक्य मला आवडले, आणि तिथेच निम्मा निर्णय झाला.

रांगेसाठी लावतात तसे खेचायचे पट्टे आम्ही चार दिवस लावून पाहिले. पहिल्याच रात्री एकाने पट्ट्याखालून वाकून जातानाचा रील बनवला.

रोलिंग शटर बसवायला वर बीम लागतो. चौकाच्या कडेला फॉल्स सीलिंगशिवाय काही नाही. शिवाय भरीव शटरामागे काय चालले आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही आणि मजल्यावरची हवाही अडते.

राहिले चॅनेल गेट. उभे चॅनेल, त्यांना रिव्हेटने जोडलेल्या तिरप्या पट्ट्या, वर-खाली रूळ. ओढले की पसरते, ढकलले की भिंतीला गोळा होते. जुन्या इमारतींच्या लिफ्टला असायचे तेच. आरपार दिसते, धूर आणि पाणी अडत नाही, वीज लागत नाही, आणि गल्लीतला फॅब्रिकेटर आठवड्यात बसवून देतो. दोष माहीत होते: दहा फुटांच्या तोंडाला गोळा झालेली जाळी दीड-दोन फूट जागा खाते, खालचा रूळ पायात येतो, तिरप्या पट्ट्यांवर पाय देऊन चढता येते, आणि पट्ट्या मिटताना मुलांची बोटे सापडतात. यातला प्रत्येक दोष बैठकीत बोलला गेला. सर्वांत मोठा जो निघाला तो मात्र कुणाच्याच तोंडी आला नाही.

आणखी दोन गोष्टी सुचल्या होत्या. रात्री सव्वादहानंतर लिफ्ट फक्त तळघर, तळमजला आणि तिसरा मजला इथेच थांबेल असे सेटिंग करायचे; लिफ्ट कंपनीचा माणूस अर्ध्या दिवसात करून देणार होता. आणि प्रत्येक किऑस्कला स्वतःचे पत्र्याचे झाकण. झाकणाचा खर्च किऑस्कवाल्यांनी करायचा की आम्ही, यावर तीन बैठका झाल्या आणि विषय विरला.

काय ठरले आणि का

गेट तीन ठिकाणी लावायचे ठरले. तिसऱ्या मजल्यावर खाली जाणाऱ्या दोन्ही सरकत्या जिन्यांच्या तोंडाशी एकेक, आणि तिसरे मल्टिप्लेक्सच्या फॉयरमधून, म्हणजे पडद्यांबाहेरच्या दालनातून, दुकानांकडे जाणाऱ्या कॉरिडॉरमध्ये. प्रेक्षकांनी लिफ्टने थेट तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये उतरायचे. लिफ्टचे सेटिंगही त्याच आठवड्यात करून घेतले.

चूक कॉरिडॉरच्या गेटची. फॉयरमधून बाहेर पडले की कॉरिडॉर सुरुवातीला १२ फूट रुंद आहे. चाळीसेक पावले पुढे तो २२ फुटांचा होतो. या दोहोंच्या मध्ये, डाव्या हाताला, जिना क्रमांक तीन. फायर एक्झिट.

फॅब्रिकेटरचा दर चौरस फुटावर. बारा फुटांच्या जागी गेट लावले तर खर्च जवळजवळ निम्मा, एकच पल्ला, एकच कुलूप. टेप धरून आम्ही तिघे उभे होतो: मी, सुभेदार साहेब आणि फॅब्रिकेटर. जिन्याचे दार आमच्यापासून दहा-बारा पावलांवर, त्यावर हिरवी पाटी जळत होती. तिघांपैकी एकाच्याही मनात आले नाही की गेट ओढले की तो जिना पलीकडे जाणार. आम्ही चोराच्या वाटा शोधत होतो आणि हातात नकाशाही चोराच्या वाटांचाच होता. फायर एक्झिटचा नकाशा प्रत्येक मजल्यावर फ्रेम करून लावलेला असतो. तो पाहायला लांब जावे लागले नसते.

कुलपे साधी, तिन्हींच्या किल्ल्या तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये, रजिस्टरवर सही करून न्यायच्या. किल्ली गार्डजवळ ठेवली तर हरवते, असा अनुभव. गेट दिवाळीच्या चार दिवस आधी लागले. किऑस्कवाल्यांनी पेढे आणले.

डिसेंबरमधली रात्र

सहा आठवडे सगळे सुरळीत चालले. मग एका शनिवारी, शेवटचा शो चालू असताना, मल्टिप्लेक्सच्या स्वयंपाकघरात तेल जळाले. आग म्हणावी असे काही नव्हते, पण धूर भरपूर झाला. डिटेक्टरने काम केले, हूटर वाजला, पडदे बंद झाले, दिवे लागले.

पुढचे मी सीसीटीव्हीच्या वेळांवरून लिहितो, कारण त्या रात्री तिथे असलेल्या प्रत्येकाची आठवण वेगळी आहे.

१२.२१ ला हूटर. १२.२२ ला पहिले प्रेक्षक फॉयरमधून कॉरिडॉरकडे. मल्टिप्लेक्सच्या मुलांनी मागच्या जिन्यांची दारे उघडली होती आणि बहुतेक लोक तिकडून गेलेही. पण साठ-सत्तर जण आल्या वाटेने वळले. समोर हिरवी पाटी दिसत होती, बाणासकट. पाटीच्या अलीकडे कुलूपबंद जाळी.

तिथला गार्ड पंचवीस-सव्वीसचा मुलगा. किल्ली आणायला तो लिफ्टकडे धावला. आगीचा अलार्म वाजला की आमच्या लिफ्ट आपोआप तळमजल्यावर जाऊन दारे उघडून थांबतात. तशाच असायला हव्यात. म्हणजे रात्रीसाठी आम्ही प्रेक्षकांना नेमून दिलेली एकमेव सोयीची वाट अलार्म वाजताक्षणी बंद पडली, आणि किल्लीपर्यंत जायची वाटही तीच. पोरगा मल्टिप्लेक्सच्या मागच्या जिन्याने, उतरणाऱ्या गर्दीतून, तळघरापर्यंत गेला. रजिस्टरवर सही केली. होय, त्याने सही केली. मग तीच गर्दी चिरत चढून वर आला. गेट उघडले तेव्हा १२.२९ झाले होते.

त्या सात मिनिटांत काय झाले? मागचे पुढच्यांना ढकलत होते. दोघांनी जाळी हलवून उचकटायचा प्रयत्न केला; त्यात एका लहान मुलीचे बोट पट्टीत सापडले. मल्टिप्लेक्सचा शिफ्ट मॅनेजर खुर्चीवर उभा राहून ओरडत लोकांना मागे वळवत होता. गेट उघडले तोवर तिथे आठ-दहाच जण उरले होते. बोटाला सूज आली, हाड मोडले नाही. मुलीचे वडील मला म्हणाले, "तुम्ही आम्हाला कोंडलं होतं." मी माफी मागितली. खुलासा केला नाही, करण्यासारखा नव्हताच.

धूर स्वयंपाकघरातच राहिला म्हणून हे प्रकरण लिहिण्याजोगे राहिले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली, त्यात बंद दारांचा आणि अडवलेल्या वाटांचा वाटा मोठा होता. पॅराग्वेतल्या असुन्सिऑन शहरात १ ऑगस्ट २००४ रोजी सुपरमार्केटला आग लागली. लोक पैसे न देता जातील म्हणून दारे लावून घेतल्याचा आरोप तिथे झाला, आणि मृतांचा आकडा तीनशेच्या वर गेला. दोन्ही घटना मला माहीत होत्या. आमच्या वार्षिक प्रशिक्षणात मीच त्या सांगतो.

त्यानंतरची पावले

रविवारी सकाळी पहिले काम म्हणून कॉरिडॉरच्या गेटचे कुलूप काढले. सोमवारच्या बैठकीत दोन मते पडली. सुभेदार साहेबांचे म्हणणे, गेट आहे तिथेच ठेवू, कुलपाऐवजी आतून सरकवायची कडी लावू. स्वस्त, एका दिवसाचे काम. माझाही कल तिकडेच होता.

तो निर्णय आमच्या हातून निसटला, आणि बरे झाले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. बोलीभाषेत 'बी फॉर्म'. जानेवारीच्या फॉर्मसाठी एजन्सीचे इंजिनिअर आले. यंत्रणा तपासून झाल्यावर ते गेटपाशी थांबले आणि म्हणाले, "हे इथे असेपर्यंत मी सही करणार नाही."

आम्ही कडीची कल्पना सांगितली. त्यांचे उत्तर थोडक्यात असे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे बाहेर पडायचे दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, ही अट कडीने भागेल. पण सरकणारे दार बाहेर पडायच्या वाटेवर चालतच नाही. तिथले दार बाहेरच्या बाजूला, लोकांच्या जाण्याच्या दिशेने उघडले पाहिजे. गर्दी दाराला रेटते. बिजागरीचे दार रेटल्यावर उघडते, चॅनेल गेट रेटल्यावर रुळात अडकते. आमच्या सीसीटीव्हीत नेमके तेच दिसत होते: दोघे ढकलत होते, आणि कुलूप नसते तरी त्या दाबाखाली जाळी बाजूला सरकली नसती.

दुसरा मुद्दा त्यांनी जाता जाता सांगितला, मला तो पहिल्याहून मोलाचा वाटला. लिफ्ट आणि सरकते जिने संहितेत बाहेर पडण्याची वाट म्हणून धरतच नाहीत. त्यामुळे सरकत्या जिन्यांच्या तोंडची दोन गेट राहू द्या, हरकत नाही. त्यांनी कुणाची वाट अडत नाही. मात्र रात्री लोकांना 'लिफ्टने जा' असे सांगत असाल तर संकटात कुठून जायचे तेही रोज दाखवा. आम्ही लोकांना जी वाट शिकवत होतो ती कामाच्या वेळी नसणारी होती.

मग कॉरिडॉरचे गेट काढून २२ फुटांच्या जागी, जिना क्रमांक तीनच्या पलीकडे नेले. आता जिना प्रेक्षकांच्या बाजूला आला. पलीकडच्या दुकानांच्या बाजूला जिना क्रमांक एक आहे, म्हणजे उशिरापर्यंत स्टॉक मोजत बसलेली दुकानांतली माणसेही कोंडली जात नाहीत. रुंदी वाढल्याने दोन पल्ले, मध्ये जुळणारे. खालचा रूळ फरशीत कायमचा बसवला नाही. बिजागरीवर उचलून उभा करता येणारा घेतला, दिवसा व्हीलचेअर आणि बाबागाड्या अडखळू नयेत म्हणून. गोळा झालेल्या जाळीवर पत्र्याची पेटी बसवली, तिथे मुलांचे हात जात नाहीत.

खर्चाचा वाद झालाच. फॅब्रिकेटर म्हणाला, "तुम्ही जागा दाखवली, मी लावलं." बरोबर होते. पहिल्या गेटचे चॅनेल त्याने नव्यात वापरले आणि तेवढी रक्कम वजा केली.

किल्ल्या कंट्रोल रूममधून निघाल्या. तिन्ही गेटना एकच किल्ली, तिच्या तीन प्रती, आणि शेवटचा शो सुटेपर्यंत त्या तिसऱ्या मजल्यावरच्या गार्डच्या पट्ट्याला. ड्यूटी बदलताना किल्ली हातोहात द्यायची, सही नंतर. शो सुटायच्या दहा मिनिटे आधी मल्टिप्लेक्सची दोन मुले फॉयरमध्ये उभी राहतात आणि थोड्या लोकांना मुद्दाम जिना क्रमांक तीनने खाली सोडतात. लोक कुरकुरतात, पण जिना चालता राहतो आणि पायऱ्यांवर खोकी ठेवायची सवय आपोआप सुटली.

जानेवारीच्या अखेरीस इंजिनिअरनी सही केली.

निष्पत्ती

पुढच्या गणपतीपर्यंत किऑस्कवर चोरी झाली नाही. याचे श्रेय गेटला किती आणि लिफ्टच्या सेटिंगला किती, हे मी सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात केले. सीसीटीव्ही पाहताना एवढे दिसते की रात्री खालच्या मजल्यांवर भटकणारी माणसे जवळजवळ थांबली. पार्किंगमधून हेल्मेट जाण्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. ती बहुधा तीच पोरे नसावीत, पण सुभेदार साहेबांना तसे पटवून देणे अवघड आहे.

इमिटेशनवाल्या ताईंचे नुकसान मेंटेनन्समधून तीन हप्त्यांत वळते केले. त्यांनी स्वतःच्या किऑस्कला पत्र्याचे झाकण करून घेतले आहे. आता इतर सहा जणांनीही केले.

पुन्हा करायचे झाले तर

फॅब्रिकेटरच्या आधी एजन्सीच्या इंजिनिअरना बोलावीन. त्यांची एक फेरी आणि चहा, एवढ्यात हे प्रकरण घडलेच नसते.

लिफ्टचे सेटिंग आधी करून महिनाभर थांबेन. अर्ध्या दिवसाचे, जवळजवळ फुकटचे काम होते. कदाचित कॉरिडॉरचे गेट लागलेच नसते. पण तेव्हा किऑस्कवाल्यांना आणि मालकांना लोखंड दिसायला हवे होते. सेटिंग कुणाला दिसत नाही. तो दबाव आजही तसाच आला तर मी टिकेन का, हे खात्रीने सांगता येत नाही. निदान दिवाळी उलटू द्या म्हणेन.

जागा ठरवायला दिवसा जाणार नाही. आम्ही दुपारी चारला टेप धरली होती, तेव्हा कॉरिडॉर म्हणजे दुकानांची रांग होती. तोच रात्री साडेबाराला पाहिला असता तर तो लोकांची वाट दिसला असता. आणि जाळी ओढून दोन्ही बाजूंना एकेकदा उभा राहीन: इकडून जिना कुठे, तिकडून जिना कुठे. हे आम्ही जानेवारीत केले. पाच मिनिटे लागली.

मॉक ड्रिल आम्ही वर्षानुवर्षे सकाळी अकराला, दुकानदारांबरोबर घ्यायचो. आता वर्षातली एक शेवटच्या शोच्या प्रेक्षकांबरोबर होते. मल्टिप्लेक्सवाल्यांनी खूप आढेवेढे घेतले; पडद्यावर आधी सूचना दाखवायची आणि प्रत्येकाला पुढच्या वेळी पॉपकॉर्न फुकट, या बोलीवर तयार झाले.

मागच्या ड्रिलच्या रात्री मी गेटपाशी गेलो तर डावा पल्ला नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधलेला. विचारले तेव्हा गार्ड म्हणाला, "साहेब, कडी घासते, नीट बसत नाही. म्हणून बांधून ठेवतो." दोरी मी कापली. फॅब्रिकेटरला मंगळवारी बोलावले आहे.